मिळून घेतलेला स्टुडिओ: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या चित्रकार-शिल्पकारांसाठी

आर्ट कॉलेजात असताना आपल्याला जागा फुकट मिळत होती, हे कॉलेज सुटल्यावर कळतं. चार फुटी कॅनव्हास घरी आणला की तो आधी हॉलमध्ये उभा राहतो, पाहुणे आले की बेडरूममध्ये जातो आणि शेवटी गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. टर्पेंटाइनच्या वासाने घरच्यांचं डोकं दुखतं. माती कालवणाऱ्याची तर आणखी पंचाईत, कारण मोरी तुंबली की अख्खी सोसायटी विचारायला येते. वर्ष-दीड वर्षात हात थांबतो आणि माणूस फक्त क्लास घ्यायला लागतो. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांचं असं झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही सहा जण ठाण्यात एक गाळा मिळून चालवतो. त्याआधी दोन जागा घेतल्या आणि सोडल्या. कुठे चुकलो ते आता नीट कळतं. ते तुम्हाला आधीच कळलं, तर एखादं डिपॉझिट तरी वाचेल.

आधी तास मोजा

जागा शोधायला निघण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवा. नोकरी, क्लास, घरकाम, प्रवास हे सगळं वजा जाता स्टुडिओत जायला खरोखर किती तास उरतात ते रोज लिहा. मनातला आकडा आणि वहीतला आकडा यांत फार अंतर असतं. मला वाटायचं, रोज पाच तास मिळतात. वहीत आठवड्याचे बावीस निघाले.

तास मोजायचं कारण सरळ आहे. स्वस्त जागा म्हणजे कमी भाड्याची जागा, असं आपण धरून चालतो. समजा, घराजवळच्या गाळ्यात तुमचा वाटा ३,४०० रुपये आणि प्रवास १,२०० रुपये आहे आणि तिथे महिन्याला ९० तास काम होतं. तासाला साधारण ५१ रुपये पडले. लांबच्या गोडाऊनमध्ये वाटा २,००० रुपयेच आहे, पण प्रवास २,४०० रुपये आणि दमून जाऊन जेमतेम ४० तास काम होतं. तासाला ११० रुपये पडले. महिन्याचा खर्च दुसऱ्या जागेत दोनशेने कमी आहे, तरी ती दुपटीहून महाग आहे. आमची पहिली जागा अशीच होती, भिवंडीच्या बाजूला काल्हेरच्या पुढे. शेड मोठी, छप्पर उंच, भाडं हलकं. कशेळीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये आमच्या संध्याकाळी गेल्या. पाच महिन्यांनी हिशेब केला तेव्हा सहा जणांत मिळून तीन पूर्ण चित्रं झाली होती.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारा: या जागेत माझे तास वाढतील की घटतील?

मग माणसं जमवा

जागा आधी आणि माणसं नंतर, असं करू नका. गाळा हातचा जाईल या घाईत भाडं भरायला मिळेल तो माणूस आत घेतला जातो, आणि मग रोजच्या कुरबुरी सुरू होतात.

चार ते सहा जण बरे. तिघांत एक गेला तर भाडं झेपत नाही, आठांच्या पुढे सिंक आणि संडास कोणी धुवायचा यावरून मनं दुखावतात. माध्यमं जुळतात का, हे नीट बघा. जलरंगात किंवा कागदावर काम करणारे आणि प्लास्टर घासणारा शिल्पकार एका हवेत राहू शकत नाहीत, कारण पांढरी पूड ओल्या रंगावर बसते ती बसतेच. तैलरंगवाले आणि प्रिंटमेकर यांचं चांगलं जमतं, दोघांनाही वासाची सवय असते. सिरॅमिकवाल्यांना ओली बाजू वेगळी लागते. फायबरग्लासचं काम करणारा असेल तर त्याला स्वतंत्र शेडच हवी. रेझिनचा वास आणि काचतंतूंची धूळ इतरांनी सोसावी, असं कोणालाही सांगू नये.

वेळांचंही बघा. सकाळी शाळेत शिकवणारा आणि रात्री काम करणारा एकाच कोपऱ्यात, अर्ध्या-अर्ध्या भाड्यात काम करू शकतात. आमच्यात अशी एक जोडी आहे. दोघांचं ईझल एक, कॅनव्हास वेगळे, आणि महिनोन् महिने त्यांची भेट फक्त फळ्यावरच्या निरोपांतून होते.

मिळून जागा घेणं ही काही नवी सोय नव्हे. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकांत गायतोंडे, हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांनी स्टुडिओ थाटले होते आणि त्याच आवारात नाटक-संगीताच्या तालमी चालत. दिल्लीत ललित कला अकादमीचे गढीचे स्टुडिओ १९७६ पासून आहेत. आपल्याकडे मात्र बहुतेकांना खासगी गाळ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

कुठे शोधायचं

ठाण्यात पहिलं नाव वागळे इस्टेट. एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. इथले पत्ते रोड नंबरांनी सांगतात. बरेच कारखाने गेले, काहींच्या जागी काचेचे आयटी पार्क उभे राहिले, पण आतल्या रस्त्यांवर जुन्या औद्योगिक इमारतींतले छोटे गाळे अजून आहेत. जाड भिंती, मोठ्या खिडक्या, मालाची लिफ्ट, आणि थोडा ठोकाठोकीचा आवाज झाला तरी शेजारचा लेथवाला तक्रार करत नाही. स्टेशनपासून शेअर रिक्षा आणि टीएमटी दोन्ही मिळतात. माझं मत विचाराल तर ठाणे, मुलुंड, कळवा, डोंबिवली इथे राहणाऱ्यांनी शोध इथूनच सुरू करावा. घोडबंदर रोडच्या बाजूला बाळकुम, कोलशेत, मानपाडा इथेही गाळे निघतात. फक्त तिथे जायचं तर घोडबंदरची संध्याकाळ वहीत धरा.

नौपाडा, चरई, राम मारुती रोड या जुन्या ठाण्यात दुकानाचं भाडं परवडणारं नाही. तिथे वेगळा मार्ग असतो: एखाद्या जुन्या वाड्यातली किंवा बैठ्या घरातली वरची खोली. ती जाहिरातीत कधीच येत नाही, ओळखीने मिळते. कागदावर काम करणाऱ्या दोघा-तिघांना ती उत्तम.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा पसरला आहे: रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. ट्रान्सहार्बर मार्गामुळे ठाण्याहून रबाळे, घणसोली, कोपरखैरणेला लोकलने थेट जाता येतं. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशनही सुरू झालं. स्टेशनाच्या पश्चिमेला वस्ती आणि पूर्वेला कारखाने, अशी साधारण मांडणी आहे. पण स्टेशनापासून प्लॉटपर्यंतचं शेवटचं अंतर फसवं असतं. रस्ते रुंद, ट्रक भरधाव, रात्री आठनंतर रिक्षा मिळेलच असं नाही. जागा पसंत करण्याआधी एकदा रात्री साडेनऊला तिथून स्टेशनापर्यंत चालत या. तुमच्यात मुली असतील तर त्यांच्यासोबत चाला आणि त्यांचा निर्णय अंतिम माना. शिवाय रासायनिक कारखान्यांच्या शेजारी वास कधी येतो, हे तिथल्या चहावाल्याला विचारा, तो बरोबर सांगतो.

कोपरखैरणे, घणसोली, गोठिवली इथल्या गावठाणांत तळमजल्याचे गाळे स्वस्त मिळतात आणि आगरी-कोळी घरमालक एकदा ओळख पटली की घरच्यासारखं वागवतात. मात्र गावठाणालगतच्या बऱ्याच इमारतींना पुरती परवानगी नसते आणि महापालिका किंवा सिडकोची कारवाई कधी येईल सांगता येत नाही. अशा जागेत एचिंग प्रेस (छापे काढायचं जड यंत्र), भट्टी अशी हलवायला कठीण वस्तू लावू नका. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज नावामुळे पुष्कळांना खुणावतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३-८६ च्या सुमारास रचलेली ती वसाहत आहे, मधल्या चौकाभोवती घरं, अंगण, झाडं. शांत कामाला सुरेख, पण ती राहती वस्ती आहे, दगडावर छिन्नी चालवायची जागा नव्हे.

डिपॉझिट भरायची ऐपतच नसेल तर आणखी एक वाट आहे. गणपतीच्या कारखान्यांची चौकशी करा. पेणसारख्या ठिकाणी वर्षभर काम चालतं, पण शहरातले काही मूर्तिकार हंगामापुरतीच शेड चालवतात. अनंत चतुर्दशीनंतर ती काही महिने रिकामी असते. मातीची सवय असलेली जमीन, पाण्याची सोय, फळ्यांचे रॅक, सगळं तयार. मूर्तिकाराला भाड्याचा हातभार लागतो, आणि हंगामात रंगकामाला तुम्ही त्याच्या हाताखाली उभे राहिलात तर तुम्हालाही चार पैसे आणि पुष्कळ शिकायला मिळतं.

गाळा बघायला जाताना

एजंटाबरोबर भर दुपारी वीस मिनिटांत गाळा बघून होकार देऊ नका. एकाच जागी किमान दोनदा जा, एकदा उजेडात आणि एकदा अंधारात. सोबत टेप, एक सुतळी, मोबाइलचा चार्जर आणि पांढरा कागद न्या.

टेपने आधी दार मोजा, मग लिफ्ट, मग जिन्याचं वळण. आमच्या दुसऱ्या जागेत मी खोलीची लांबी-रुंदी अगदी इंचात लिहून आणली होती. पहिल्या महिन्यात पाच बाय सहा फुटांचा कॅनव्हास ताणला, रंगवला आणि नेण्याच्या दिवशी तो जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकला. वर जाईना, खाली येईना. ओला भाग कठड्याला घासू नये म्हणून मी वरच्या पायरीवर दोन्ही हातांनी तो उचलून धरला आणि टेम्पोवाला खाली उभा राहून ओरडत होता. शेवटी जिन्यातच स्ट्रेचरच्या मागच्या पिना काढल्या आणि चित्र गुंडाळून खाली नेलं. कोपऱ्यातला रंग तडकला तो आजही दिसतो. तेव्हापासून सुतळी. तुमच्या सर्वांत मोठ्या कामाच्या मापाची सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरा आणि तशीच रस्त्यापर्यंत चालत जा. ती कुठे वाकली तर कॅनव्हास तिथे अडकणार.

पांढरा कागद उजेडासाठी. खिडकीपाशी, मग मधोमध, मग सर्वांत आतल्या भिंतीपाशी तो धरून बघा. उत्तरेची खिडकी असेल तर दिवसभर उजेड एकसारखा राहतो. पश्चिमेची असेल तर चारनंतर कागद पिवळा दिसायला लागतो आणि निळे रंग फसवतात. खिडकीच नसेल तरी गाळा नाकारायची गरज नाही. ५,००० केल्व्हिनच्या (हा उजेडाच्या रंगाचा आकडा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेल्या एलईडी पट्ट्या लावल्या की काम भागतं. हे दोन आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते वाचूनच घ्या.

चार्जर प्रत्येक प्लगमध्ये लावून बघा. त्यानंतर मालकाकडे विजेचं ताजं बिल मागा. ठाण्यात आणि नवी मुंबईत महावितरणचं बिल येतं, कळवा-मुंब्रा-शीळ भागात २०२० पासून टोरेंट पॉवरचं. बिलावर मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढता येते) किती आहे, दर वाणिज्यिक आहे की औद्योगिक, आणि थकबाकी आहे का, या तीन गोष्टी वाचा. थकबाकी जुन्या भाडेकरूची असली तरी वीज तुमच्याच गाळ्याची तुटते. भट्टी लावणार असाल तर मंजूर भाराला फार महत्त्व आहे. सहा किलोवॅटची छोटी विजेची भट्टी सिंगल फेजवर सुमारे २६ अँपिअर ओढते. जुनं वायरिंग त्यात वितळतं. स्टोनवेअर भाजायचं म्हणजे १,२०० अंशांच्या वर जायचं, मोठी भट्टी थ्री फेजशिवाय नकोच. सब-मीटर असेल तर युनिटचा दर काय लावणार, ते आधी लिहून घ्या.

पाणी किती वाजता येतं, टाकी कोणाची, संडास गाळ्यात की मजल्यावर सामायिक, हे विचारा. एमआयडीसीच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुधा शुक्रवारी असते. दुरुस्तीसाठी वीज-पाणी बंद ठेवायचं तेही पुष्कळदा त्याच दिवशी. त्या दिवशी गेट उघडतं का आणि रात्री किती वाजेपर्यंत आत थांबता येतं, हे मालकाबरोबरच वॉचमनलाही विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर वॉचमनचं खरं धरा.

शेवटी भिंती. पावसाळा नसताना जागा बघत असाल तर पावसाच्या खुणा शोधाव्या लागतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरी, खारी पूड आली असेल तर भिंत ओल धरते. शटरच्या आतल्या बाजूला गंजाची सरळ आडवी रेघ असेल तर तिथवर पाणी चढलेलं आहे. कोपऱ्यात नुकताच, तेवढ्याच भागाला रंग मारलेला दिसला तर त्यावर हात ठेवा, गार आणि दमट लागलं की समजा. ठाण्यात वंदना डेपोचा परिसर, विटाव्याचा रेल्वेपूल असे पाणी साचणारे भाग सगळ्यांना माहीत आहेत. तळमजला घेताना तिथून किती लांब आहोत ते बघा.

कागदपत्रं

आपल्याकडे गाळा बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर मिळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही,' असं कोणी म्हणालं तर ते महाराष्ट्रात चालत नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानीव (धरून चाललेलं) व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. २४,००० रुपये भाडं, एक लाख डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ते सातशे रुपयांच्या घरात जातं. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे काम ऑनलाइन होतं, करून देणारे एजंट त्यांचे पैसे वेगळे घेतात.

एमआयडीसीचा गाळा असेल तर आणखी एक कागद मागा. प्लॉट किंवा गाळा ज्याच्या नावावर आहे त्याने पोटभाड्याने देण्यासाठी एमआयडीसीची परवानगी घ्यावी लागते आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. ती नसेल तर नोटीस आली की आधी तुमचं सामान बाहेर येतं. आमचं दुसऱ्या जागेत तेच झालं. मालकाने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, आम्ही कागद बघितला नाही, आणि सातव्या महिन्यात पंधरा दिवसांत गाळा रिकामा करावा लागला.

करारात सगळ्यांची नावं घाला. एकट्याच्या नावावर करार असला तर बाकीचे कायद्याच्या दृष्टीने पाहुणे ठरतात, आणि भाडं थकलं तर सगळा बोजा त्या एकावर पडतो. वापराच्या रकान्यात 'कार्यालय' असं मोघम न लिहिता 'चित्रकला व शिल्पकला कार्यशाळा' असं स्पष्ट लिहून घ्या. लॉक-इन (जागा सोडता येत नाही तो काळ) किती, नोटीस किती, रंगाचे डाग पडलेली जमीन सोडताना कशी द्यायची, याही ओळी असू द्या. आम्ही जमिनीवर जाड लिनोलियम अंथरलं आणि तसं करारात लिहिलं, मालकाची काळजी तिथेच मिटली. आत जाण्याच्या दिवशी भिंती, जमीन, मीटर, नळ यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली गेली आहे ना, तेही बघा.

मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे लागतात. भाडं ठरवतानाच 'जीएसटी धरून की सोडून' हे विचारा. पुढे मंडळाचं काम वाढलं आणि संस्था नोंदवायची झाली तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

भाड्याची वाटणी

सरसकट समान वाटणी वरवर न्याय्य वाटते, पण कोपऱ्यात लघुचित्रं करणारी मुलगी आणि तीन स्टँड मांडून बसलेला शिल्पकार यांनी तेवढेच पैसे का द्यायचे? आम्ही असं करतो. समजा, गाळा ६०० चौरस फूट कार्पेटचा आणि भाडं २४,००० रुपये. एजंट बिल्ट-अप (भिंती धरून) सांगतो, तुम्ही टेपने कार्पेट (आतली वापरायची जमीन) मोजा. त्यातले १५० फूट सामायिक: येण्याजाण्याची वाट, सिंक, चित्रांचे रॅक, चहाची जागा. त्याचे ६,००० रुपये सहा जणांत समान, म्हणजे प्रत्येकी एक हजार. उरलेल्या ४५० फुटांचे १८,००० रुपये, म्हणजे फुटाला ४० रुपये. साठ फूट घेणाऱ्याला ३,४०० रुपये पडतात, नव्वद फूट घेणाऱ्याला ४,६०० आणि एकशेवीस फूट घेणाऱ्याला ५,८००. चौघं साठ-साठ, एक नव्वद, एक एकशेवीस, बेरीज बरोबर २४,००० येते. जमिनीवर खडूने रेघा मारा, मग त्यावर रंगीत टेप चिकटवा. रेघ दिसत असली की बोलावं लागत नाही.

दिव्या-पंख्यांचं वीजबिल समान. भट्टी आणि मोठी यंत्रं ज्याची त्याने भरायची: सुरू करण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग वहीत लिहायचं, सहीसकट. दरमहा प्रत्येकाने थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून एका महिन्याच्या भाड्याएवढी गंगाजळी उभी करा. कोणाचं मानधन अडकलं, कोणाच्या घरी आजारपण आलं, तर तो महिना तिच्यातून निघतो आणि माणूस गट सोडून जात नाही.

सोडून जाणाऱ्याने दोन महिने आधी सांगायचं, आणि त्याच्या डिपॉझिटचा वाटा नव्या येणाऱ्याने द्यायचा. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. मैत्रीत कागद कशाला, असं वाटेल. आमच्यातला एक जण अचानक बडोद्याला शिकायला गेला तेव्हा त्याच कागदामुळे आम्ही आजही त्याच्याकडे हक्काने राहायला जातो.

शनिवार-रविवारचे मुलांचे क्लास घ्यायचे का, हाही वादाचा विषय असतो. क्लासमुळे भाडं निघतं हे खरं, पण ओले कॅनव्हास आणि दहा वर्षांची मुलं एका खोलीत नकोत. घ्यायचेच असतील तर ठरलेल्या वेळी, आणि त्या कमाईतला हिस्सा गंगाजळीत.

आग, वास आणि धूळ

हा भाग कृपा करून दोनदा वाचा.

लिनसीड तेल पुसलेल्या चिंध्या ठिणगीशिवाय पेटतात. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता उडून जाते, बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर आतच साठत जाते. एका संध्याकाळी आमच्या डब्यातून करपल्यासारखा वास आला. झाकण काढलं तर वरच्या चिंध्या साध्या होत्या, आतला बोळा हाताला चटका बसेल इतका तापला होता आणि मधे तपकिरी झाला होता. त्या रात्री आम्ही शटर नेहमीच्या वेळी ओढून गेलो असतो, तर काय झालं असतं ते सांगायला नको. आता दाराजवळ पाणी भरलेला, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा असतो. तेलाची चिंधी हातातून सुटली की त्यातच जाते.

टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांच्या पुढे ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते. मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं तापमान सकाळी अकरालाच होतं. म्हणून बाटल्या बूच लावून, सावलीत, लोखंडी कपाटात, आणि गाळ्यात एका वेळी लागेल तेवढंच. वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे एक एक्झॉस्ट खाली, जमिनीजवळ लावा. वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि सॉल्व्हंट एका वेळी एका गाळ्यात कधीही नको.

इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. तो बघायला मागा. तुमचा स्वतःचा अग्निशामक दाराशी टांगा, आतल्या भिंतीला नको, कारण आग लागली की आपण दाराकडे धावतो.

सुक्या मातीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. प्लास्टर आणि माती सिंकमध्ये धुवू नका. तीन बादल्या ओळीने ठेवा, पहिल्यात हात आणि अवजारं धुवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी पुढच्या बादलीत ओता, शेवटचं स्वच्छ पाणीच मोरीत जाऊ द्या. एचिंगचं ॲसिड आणि फेरिक क्लोराइड कुठेही ओतायचं नाही, ते वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं आणि रासायनिक कचरा नेणाऱ्याकडे द्यायचं. औद्योगिक वसाहतीत शेजारचे प्लेटिंगवाले अशी विल्हेवाट लावतच असतात, त्यांच्याबरोबर सोय होते का विचारा.

पहिला पावसाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी एक अख्खा दिवस ठेवा. पत्र्यांचे जोड आणि खिडक्यांच्या कडा बघा, मालकाकडून दुरुस्ती करून घ्या. रॅकची खालची फळी जमिनीपासून निदान फूटभर वर घ्या. भिंतीला टेकवलेली चित्रं चार बोटं पुढे सरकवा, मागून हवा खेळली पाहिजे. कागदावरची कामं प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, आतल्या दमटपणानेच बुरशी धरते. बटर पेपर मधे घालून सपाट ड्रॉवरमध्ये किंवा पेटीत ठेवा, शक्य असेल ती घरी न्या.

जुलै-ऑगस्टमध्ये तैलरंग वाळायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. दिवाळीत प्रदर्शन असेल, मग ते ठाणे कला भवनात असो की जहांगीरमध्ये, तर जाड थराची कामं पावसाआधी संपवा आणि पावसात रेखाटनं, ॲक्रिलिक, मोल्डिंग अशी कामं घ्या. ने-आण करायचीच झाली तर छोटा हत्ती ताडपत्रीसकट ठरवा. लहान कॅनव्हास लोकलच्या लगेजच्या डब्यातून जातो, पण गर्दीची वेळ सोडून, आणि चित्राची बाजू आपल्या अंगाकडे धरून.

आठवड्यातून एकदा, कोणी काम करत नसलं तरी, कोणीतरी जाऊन शटर उघडायचं, पंखे तासभर लावायचे, आणि प्रत्येक चित्र उलटून मागची बाजू बघायची. आमच्या फळ्यावर जून ते सप्टेंबरच्या आठवड्यांपुढे नावं लिहिलेली असतात. या आठवड्यात माझं नाव आहे. काल गेलो तेव्हा दोन कॅनव्हासच्या मागे बुरशीचे राखाडी ठिपके दिसले, मऊ सुक्या ब्रशने बाहेर नेऊन झाडले, चित्रं पंख्याखाली उभी केली आणि ज्यांची होती त्यांना फोन केला.